दिरांना हिमोक्रोमॅटोसिस निघाला, आता घरात कुणाकुणाची तपासणी करायची?

वाचक विचारतात

"मी मूळची सांगलीची. लग्नानंतर आयर्लंडमध्ये, मेयो परगण्यात राहते. नवरा इथलाच, वय ४३. दोन महिन्यांपूर्वी माझ्या मोठ्या दिरांना हिमोक्रोमॅटोसिस निघाला, म्हणजे अंगात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार. ते ४९ वर्षांचे आहेत. बोटं दुखतात म्हणून दाखवायला गेले, तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा, १,६०० च्या वर निघालं. आता दर आठवड्याला त्यांचं रक्त काढतात. हे बाहेर कुठे बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. नवऱ्याने आमच्या जीपींकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, सहज विषय काढला, तर ते म्हणाले, लक्षणं नसताना आम्ही ही तपासणी सरसकट करत नाही. भावाचं त्याने सांगितलंच नाही. त्याचं म्हणणं, मला काही होत नाहीये, मग कशाला उकरून काढायचं? माझे सासरे ५९ व्या वर्षी लिव्हरच्या आजाराने गेले. गावात सगळे म्हणतात, दारूने गेले. सासूबाई म्हणतात, नाताळात एखादा ग्लास घ्यायचे, तेवढंच. नणंद बॉस्टनला असते, तिला अजून काहीच माहीत नाही. आमची मुलं ९ आणि ६ वर्षांची आहेत, त्यांची चाचणी करू का? माझं स्वतःचं उलटंच आहे. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ८, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यात परवा कोल्हापूरहून भावाचा फोन आला, फुल बॉडी चेकअपमध्ये त्याचं फेरिटिन ५२० आलंय आणि तो घाबरलाय. आई म्हणते, लोखंडी कढई बंद कर. काय धरायचं, काय सोडायचं, काही कळेनासं झालंय."

उत्तर

ताई,

तुमच्या यजमानांची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती याच महिन्यात व्हावी. नणंदेचीही. मुलांची आत्ता नको. तुमच्या गोळ्या मुळीच थांबवू नका. कोल्हापूरच्या भावाचा प्रश्न वेगळा आहे, त्याला तुमच्या सासरच्या आजाराशी जोडू नका. आता प्रत्येकाचं का, ते सांगते.

आपल्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. रोज अन्नातून १ ते २ मिलिग्रॅम आत येतं आणि तेवढंच पेशी झडल्याने, थोड्याफार रक्तस्रावाने बाहेर जातं. जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची कुठलीही सोय शरीरात नाही. टाकीला पाणी येण्याचा नळ आहे, पण सोडण्याचा नाही, तशातला प्रकार. त्यामुळे सगळी भिस्त येणाऱ्या नळावर. तो कमीजास्त करण्याचं काम यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक करतं. साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढतं आणि आतडं लोह शोषणं कमी करतं. तुमच्या दिरांच्या आजारात एचएफई या जनुकातल्या बदलामुळे हेप्सिडिन पुरेसं बनत नाही. आतडं गरज नसताना लोह आत घेत राहतं. रोजची जास्तीची मात्रा एक-दोन मिलिग्रॅमच असते, पण वीस-तीस वर्षं ती साठते. आधी यकृतात, मग स्वादुपिंडात, हृदयात, सांध्यांत, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत. म्हणून हा आजार विशीत कळत नाही. पुरुषांत तो चाळिशी-पन्नाशीत डोकं वर काढतो. बायकांचं लोह पाळी आणि बाळंतपणात जात असतं, त्यामुळे त्यांच्यात बहुधा पाळी गेल्यानंतर. तुमच्या यजमानांना ४३ व्या वर्षी काही होत नाहीये, हे म्हणूनच खरं असू शकतं. दिलासा मानावा असं त्यात काही नाही.

हे जनुक १९९६ साली सापडलं. त्यातला सी२८२वाय नावाचा बदल आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा दोन्हींकडून आला, तरच लोह साठण्याचा खरा धोका. एकच आला तर माणूस फक्त वाहक असतो. हा बदल उत्तर युरोपात जास्त, आणि सगळ्या जगात सर्वाधिक आयर्लंडमध्ये. तिथे साधारण ८३ माणसांमागे एकाकडे त्याच्या दोन्ही प्रती असतात आणि पाचांतला एक जण वाहक असतो. मुळं फार जुनी आहेत. उत्तरेकडच्या रॅथलिन बेटावर पुरलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या हाडांतल्या डीएनएतही हाच बदल सापडला. तुमच्या सासरच्या मंडळींनी काही चुकीचं खाल्लं-प्यायलं म्हणून हे झालेलं नाही. दिरांना हे स्पष्ट शब्दांत कुणीतरी सांगायला हवं, कारण "बाहेर बोलायचं नाही" यामागे बहुतेक वेळा हीच भीती असते.

आता जीपींच्या उत्तराकडे येऊ. एवढा सर्रास आढळणारा, उपचार इतका सोपा असलेला आजार, मग दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाची चाचणी का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे आणि जगभर डॉक्टरांनी त्यावर वर्षानुवर्षं वाद घातलाय. अमेरिकेत सॅन दिएगोला ४१ हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली, निष्कर्ष २००२ मध्ये आले. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेले १५२ जण निघाले, आणि त्यांच्यात या आजाराची आठवण व्हावी अशी लक्षणं असलेला माणूस फक्त एक. मग २००८ मध्ये मेलबर्नचा अभ्यास आला. तिथे अशा लोकांचा बारा वर्षं पाठपुरावा केला, तर पुरुषांपैकी २८ टक्क्यांहून जास्त जणांना लोहामुळे आजार झालेला होता, बायकांत हे प्रमाण जेमतेम एक टक्का. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२० साली आले. दोन्ही प्रती असलेल्या पुरुषांत पंचाहत्तरीपर्यंत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण ७.२ टक्के, इतर पुरुषांत ०.६ टक्के.

म्हणजे जनुक असणं आणि आजारी असणं यांत मोठं अंतर आहे, पण ते अंतर सगळ्यांसाठी सारखं नाही. पुरुषांसाठी बरंच कमी आहे. सगळ्यांची चाचणी केली तर कधीच आजारी न पडणाऱ्या हजारो लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, डोक्याला आयुष्यभराचा घोर लागेल. याच कारणाने अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २००६ मध्ये लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य लोकांची सरसकट जनुकीय तपासणी करू नये असं सांगितलं. तुमचे जीपी बोलले ते या अर्थाने बरोबर आहे. मला मात्र वाटतं की आयर्लंडसारख्या देशात "सरसकट नाही" आणि "अजिबात नाही" यांच्यामध्ये खूप मोठी जागा आहे. थकवा जात नाही म्हणणारा, बोटांचे सांधे धरलेत म्हणणारा, यकृताचे एन्झाइम्स वाढलेला, नव्याने मधुमेह निघालेला, संबंधांतली इच्छा कमी झाली असं चाचरत सांगणारा चाळिशीतला पुरुष समोर बसला, तर तिथल्या डॉक्टरने लोहाच्या दोन चाचण्या मागवायला कचरू नये. दोनच रक्तचाचण्या आहेत. त्या न केल्याने एखाद्याचं यकृत जातं.

पण तुमच्या घरात हा वाद लागूच होत नाही. सख्ख्या भावाला आजार निघाला, त्या दिवशीच तुमचे यजमान "सर्वसामान्य लोकां"तून बाहेर पडले. आईवडील दोघेही निदान वाहक असणार, त्याशिवाय दिरांकडे दोन प्रती आल्याच नसत्या. त्यामुळे यजमानांकडे दोन्ही प्रती असण्याची शक्यता किमान चारांत एक आहे. नणंदेचीही तेवढीच. कुठल्याही देशाच्या मार्गदर्शक सूचना काढून बघा, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करावी याबद्दल दुमत नाही. जीपींना भावाचं कळलं असतं तर त्यांचं उत्तर वेगळं आलं असतं. तेव्हा पुन्हा जाऊन एवढंच म्हणायचं: "माझ्या सख्ख्या भावाला एचएफई हिमोक्रोमॅटोसिस आहे. मला उपाशीपोटी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, फेरिटिन आणि जनुकाची चाचणी करून घ्यायची आहे." त्यानंतर नकार मिळणार नाही.

चाचण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण रिपोर्ट हातात आल्यावर घरी बसून जो तो आपापल्या परीने अर्थ लावतो. ट्रान्सफेरिन हे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याच्यावर किती टक्के लोह चढलंय, ते सॅच्युरेशन सांगतं. बायकांत ४५ टक्के आणि पुरुषांत ५० टक्क्यांच्या वर गेलं तर पुढचा विचार करायचा. हा आकडा दिवसभरात आणि जेवणानुसार हलतो, म्हणून रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यायचं आणि आदल्या दिवशी लोह असलेली कुठलीही गोळी घ्यायची नाही. फेरिटिन म्हणजे साठा किती आहे त्याचा अंदाज. पुरुषांत ३०० आणि बायकांत २०० च्या वर गेलं की जास्त धरतात. हा आजार असलेल्या माणसात फेरिटिन १,००० च्या वर असेल, तर यकृत कडक होत चाललंय का हे वेगळ्या तपासण्यांनी बघावंच लागतं. तुमचे दीर त्या रेषेच्या पलीकडे आहेत, त्यामुळे त्यांच्या यकृताचं नीट मोजमाप झालंय ना, एवढं विचारा. सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचं कडक होणं, झालेला असेल तर रक्त काढून लोह उतरल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण कॅन्सरचा धोका तिथे शिल्लक राहतो.

यजमानांचे निकाल काय येऊ शकतात? एकही प्रत नसेल तर विषय संपला. एकच प्रत असेल तर ते वाहक, त्यांना स्वतःला लोहाचा हा आजार होणार नाही. दोन्ही प्रती असतील आणि फेरिटिन हद्दीत असेल, तर वर्षातून एकदा रक्त तपासत राहायचं, बाकी काही नाही. दोन्ही प्रती आणि फेरिटिन वाढलेलं असेल तर उपचार सुरू.

उपचार म्हणजे रक्त काढणं. तुम्ही दिरांच्या बाबतीत हे लांबून ऐकलंय, म्हणून ते कसं असतं ते सांगते. आरामखुर्चीत बसवतात, आधी दोन ग्लास पाणी प्यायला लावतात, कोपराच्या आत जाडशी सुई घालतात आणि रक्तदानाला असते तशाच पिशवीत ४५० ते ५०० मिलिलिटर रक्त जमू देतात. एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. शरीर नवं रक्त बनवायला साठ्यातलं लोह काढतं आणि असं आठवड्यामागून आठवडा साठा उतरत जातो. फेरिटिन पन्नासच्या आसपास आलं की वर्षातून काही वेळा रक्त काढलं तरी पुरतं. साठा खूप असेल तर आठवड्याचं वेळापत्रक वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. दीर कंटाळतील. मधल्या काळात थकवाही येतो. त्या दिवशी त्यांना कुणी गाडीने नेऊन आणलं तर फार बरं. सिरोसिस आणि मधुमेह होण्याआधी हे सुरू झालं तर माणूस इतरांइतकंच आयुष्य जगतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. सांधेदुखी मात्र कमी होईलच असं नाही, तसं कुणी आश्वासन देऊ नये. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुठीपाशी येणाऱ्या सांध्यांत ती खास करून असते. बरणीचं झाकण फिरवताना, किल्ली वळवताना तिथे कळ येते. यजमानांना असं कधी होतं का, हे त्यांना सहज विचारून बघा. "काही होत नाहीये" म्हणणाऱ्या माणसाने कधीकधी हे "काही"त धरलेलंच नसतं.

आयर्लंडच्या रक्तसंक्रमण सेवेत निकषांत बसणाऱ्या अशा रुग्णांचं रक्त दुसऱ्यांसाठी वापरलंही जातं. त्यात लोह जास्त असतं म्हणून ते खराब ठरत नाही. उद्या दीर स्थिरावले आणि निकषांत बसले, तर त्यांनी याबद्दल जरूर विचारावं.

विम्याची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण घरात कुणीतरी ती काढेलच. आयर्लंडमध्ये २००५ च्या डिसेबिलिटी ॲक्टनुसार जनुकीय चाचणीचा निकाल विमा, पेन्शन किंवा गृहकर्जासाठी वापरता येत नाही. झालेल्या आजाराबद्दल फॉर्मवर विचारलं तर खरं लिहायचं, ती गोष्ट वेगळी. नणंदेकडे अमेरिकेत २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला तो लागू नाही. तिने जनुकीय चाचणीच्या आधी हे माहीत करून घ्यावं. पण फेरिटिन आणि सॅच्युरेशन लगेच करून घ्यायला तिला काहीच आडकाठी नाही. पाळी चालू आहे म्हणून तिला सूट देऊ नका. सासूबाईंनाही या दोन चाचण्या सांगा, पाळी गेल्यानंतरच बायकांत हा आजार बहुधा डोकं वर काढतो.

मुलांबद्दल. इथे तुमचं सांगलीचं असणं कामाला येतं. यजमानांकडे दोन्ही प्रती निघाल्या तरी मुलांकडे त्यांच्याकडून एकच प्रत येणार. दुसरी यायची तर ती तुमच्याकडून यायला हवी, आणि सी२८२वाय हा बदल आपल्या लोकांत जवळजवळ नाहीच. म्हणजे मुलं फार तर वाहक असतील. भारतात एच६३डी नावाचा दुसरा एक बदल आढळतो, तो तुमच्याकडून मुलांना मिळू शकतो. पण एकीकडून सी२८२वाय आणि दुसरीकडून एच६३डी अशी जोडी असली तरी बहुतेकांना काही होत नाही. दारू, लठ्ठपणा, फॅटी लिव्हर यांची भर पडली तरच लोह थोडं वाढतं. लहान मुलांची यासाठी जनुकीय चाचणी करत नाहीत. बालपणी त्याचा उपयोग नाही, आणि आपल्याबद्दल काय जाणून घ्यायचं ते मोठेपणी त्यांनी ठरवावं. फारच चैन पडत नसेल तर मुलांऐवजी तुमची स्वतःची चाचणी करा. तुमच्याकडे सी२८२वाय नसेल तर मुलांना दोन प्रती असण्याची शक्यताच मिटते. अठराव्या वर्षी त्यांना एवढं मात्र नक्की सांगा की वडिलांकडून हे येऊ शकतं. आयर्लंडमध्येच जोडीदार मिळाला तर तो वाहक असण्याची शक्यता पाचांत एक आहे, आणि तेव्हा प्रश्न तुमच्या नातवंडांचा असेल.

आता कोल्हापूर. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली फेरिटिन घातलेलं असतं आणि मग लाल अक्षरातला आकडा बघून माणसं रात्रभर इंटरनेट चाळत बसतात. माझ्या ओपीडीत असे रिपोर्ट वारंवार येतात. फेरिटिन फक्त लोहाने वाढत नाही. ताप, कुठलीही सूज, फॅटी लिव्हर, साखर, रोजची दारू, यांतल्या कशानेही ते वाढतं. अमेरिका आणि कॅनडात साध्या दवाखान्यांत येणाऱ्या सुमारे एक लाख लोकांची तपासणी झाली होती, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आशियाई वंशाच्या लोकांत सी२८२वायच्या दोन प्रती असण्याचं प्रमाण दहा लाखांत एकाहूनही कमी असावं असा अंदाज निघाला, आणि तरीही आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचं सरासरी फेरिटिन आणि सॅच्युरेशन सगळ्यांत जास्त होतं. वाढलेलं फेरिटिन आणि हा आनुवंशिक आजार यांचं आपल्याकडे असं फारकत घेतलेलं नातं आहे. भावाला सांगा, महागडी एचएफई जनुकचाचणी आत्ता करू नकोस. महिनाभराने, सर्दी-ताप नसताना, उपाशीपोटी सॅच्युरेशन आणि फेरिटिन पुन्हा कर. सोबत साखर, ट्रायग्लिसराइड्स, यकृताची एसजीपीटी, पोटाची सोनोग्राफी. सॅच्युरेशन हद्दीत असेल तर प्रश्न बहुधा लोहाचा नसून पोटाच्या घेराचा आहे, आणि त्यावरचा उपाय त्याला ठाऊक आहे. सॅच्युरेशन दोनदा जास्त आलं तर मात्र पोटविकार किंवा रक्तविकार तज्ज्ञांना दाखवावं. एचएफई सोडून इतर जनुकांमुळे होणारे लोहसाठ्याचे दुर्मीळ आजार भारतातही आहेत. आणि आपल्याकडे लोह साठण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर चढवावं लागणारं रक्त, हे कुणी विसरू नये.

तुमचं फेरिटिन ८ म्हणजे साठा संपलेला आहे. गोळ्या घ्या, पण एवढं खाली का आलं हेही शोधायला सांगा. पाळीत जास्त रक्त जातंय का, आणि सिलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला होणारा) आहे का, या दोन गोष्टी तुमच्या वयात आधी बघायच्या. तुमच्या गोळ्यांची पट्टी वेगळ्या कपाटात ठेवा. घरात सगळे मिळून एकच मल्टिव्हिटॅमिन घेत असाल आणि त्यात लोह असेल, तर यजमानांनी निकाल येईपर्यंत ते बंद करावं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्याही नकोत, त्याने लोह जास्त शोषलं जातं. फळं खुशाल खावीत. न्याहारीच्या सीरिअलच्या खोक्यावर लोह घातल्याचं लिहिलेलं असतं, ते एकदा वाचून बघा. चहाचं गणित तुम्हा दोघांचं उलटं आहे: जेवणाबरोबर चहाने लोह कमी शोषलं जातं, म्हणजे यजमानांना चालेल, तुम्ही मात्र गोळीच्या आगेमागे दोन तास चहा घेऊ नका.

कढई टाकून देऊ नका. आईंना सांगा की कढईतून येणारं लोह आणि एका पिशवी रक्तातून जाणारं २०० ते २५० मिलिग्रॅम लोह यांची बरोबरीच होत नाही. यजमानांचा साठा खरोखरच वाढलेला निघाला, तर चिंच-टोमॅटोची आंबट आमटी स्टीलच्या पातेल्यात करा, कारण आंबटाने लोह जास्त सुटतं. भाजी, भाकरी, मटण, कशाचंही कडक पथ्य लागत नाही. दारू मात्र दोन्ही भावांनी टाळावी. दिरांनी तर थेंबही घेऊ नये. आणि तुम्ही समुद्रकाठी राहता म्हणून लिहिते: लोह साठलेल्या माणसाने कच्चे ऑयस्टर आणि कच्चे शिंपले खाऊ नयेत. त्यांत कधीकधी असणारा एक जंतू लोहाने भरलेल्या शरीरात झपाट्याने वाढतो आणि जीव घेऊ शकतो. शिजवून खाल्ले तर हरकत नाही.

सासऱ्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात तीच राहिली. ते कशाने गेले हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. दिरांकडे दोन प्रती आहेत म्हणजे त्यांतली एक सासऱ्यांकडून आली, इतकं नक्की. त्यांच्याकडे स्वतःकडे दोन होत्या का, ते कळायला आज मार्ग नाही. पण पाचांत एक वाहक असलेल्या देशात, न पिणारा माणूस ५९ व्या वर्षी यकृताने जातो आणि त्याच्या मुलाचं फेरिटिन १,६०० निघतं, तेव्हा दारूचं नाव घेण्याआधी लोहाचं नाव घ्यायला हवं. हा शिक्का त्या काळात कितीतरी घरांवर बसला असेल. सासूबाईंना हे सांगा. इतकी वर्षं त्या एकट्या जे म्हणत आल्या, ते खरं असण्याला आता वैद्यकीय आधार आहे, हे त्यांना डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळावं. दिरांच्या तज्ज्ञांकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन जाता आलं तर बघा.

आणि दिरांशी यजमानांनी स्वतः बोलावं, तुम्ही नको. जीपींकडे त्यांच्या नकळत त्यांचं नाव घेण्यापेक्षा आधी त्यांच्या घरी जाऊन, "तुझ्यामुळे माझी तपासणी वेळेत होतेय" हे तोंडावर सांगावं. गावाला कळायची गरज नाही, भावंडांना कळायची आहे. तज्ज्ञांकडे नातेवाइकांसाठी देण्याचं पत्र मागितलं तर ते मिळतं, त्यात आजाराचं नाव आणि कुठल्या चाचण्या करायच्या ते लिहिलेलं असतं. ते नसेल तर जनुकाच्या रिपोर्टचं पान मागून घ्या, ज्यावर "सी२८२वाय होमोझायगस" (म्हणजे दोन्ही प्रती) असं किंवा जो काही निकाल असेल तो लिहिलेला आहे. त्या पानाचा फोटो नणंदेला पाठवायचा आणि प्रत घेऊन यजमानांनी जीपींची सकाळची, उपाशीपोटी रक्त देता येईल अशी वेळ घ्यायची.